विकतचं दुखणं

फॉर्मवर एक रकाना होता: अपेक्षित कालावधी.
निवाऱ्यातल्या ब्रीजनं पेन्सिलीनं लिहिलं, सहा आठवडे,
आणि खोडरबर माझ्याकडे सरकवला.
असू दे, म्हणाली, लागला तर.

सात वर्षांची ग्रेहाउंड. दोन्ही कानांत हिरवट गोंदण,
शर्यतीच्या पत्रकात हे एवढं लांबलचक नाव.
त्या नावाला तिनं ओ दिली नाही.
पुढच्या उजव्या पायाच्या हाडात गाठ, पार खांद्यापाशी.
शेजारच्या पिंजऱ्यात एक पिवळं पिल्लू उड्या मारत होतं.
मी त्याच्याकडेही पाहिलं. खोटं कशाला बोलू?

"विकतचं दुखणं आणलंस," कॉनल म्हणाला.
कॉनल माझा भाऊ.
"विकतचं कुठे," मी म्हटलं, "फी माफ केली त्यांनी."
तो हसला नाही.
एकतीस वर्षं त्यानं दलदलीतून पीटची छोटी आगगाडी हाकली.
गाडी बंद झाली त्या दिवशी
जेवणाचा डबा धुतला, पालथा घातला,
आणि त्यावर एक शब्द काढला नाही.

काच तिला ठाऊक नव्हती.
दारावर नाक आपटलं तेव्हा
दाराचीच माफी मागितल्यासारखी मागे सरली.
जिना तर आयुष्यात पाहिलेला नव्हता.
खालच्या पायरीशी उभी राहून वर बघायची,
आपण विहिरीत वाकून बघतो तशी.

नाव ठेवायचं आम्ही टाळत होतो.
मग एका सकाळी कॉनल रेडिओला सांगावं तसं म्हणाला,
"बाईसाहेबांनी माझा टोस्ट खाल्ला."
तेच राहिलं.

डॉक्टर टूहीनं फोटो दिव्यासमोर धरला.
चालू दे हवं तेवढं, म्हणाली. पळू देऊ नका.
हाड आता चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं आहे.
पळू देऊ नका!
जिचा सगळा देह म्हणजे एकच क्रियापद,
तिला.

सहा आठवडे नाताळाच्या आधीच संपले.
रात्री आम्ही वर झोपायला गेलो की
खालून एक बारीक आवाज यायचा,
रडणं नव्हे, दाराची बिजागरी कुरकुरावी तसा.
जानेवारीत एका रात्री कॉनल उठला, स्क्रू तोंडात धरून
पलंगाचा पाय न् पाय सुटा केला
आणि स्वयंपाकघरात, शेगडीशेजारी, परत जोडला.
मला वाटलं, माझा नेतोय.
स्वतःचा नेला.

मार्चमध्ये कापलेल्या दलदलीच्या कडेनं जाताना
एक रानससा समोर आला.
मागच्या पायांवर उभा, छाती पुढे, वीस पावलांवर.
पट्ट्याचे दोन वेढे माझ्या मनगटाला.
तिचे कान ताठ झाले, आणि काहीतरी
पट्ट्यातून माझ्या दंडापर्यंत आलं,
गुरांच्या कुंपणाला चुकून हात लागावा तसं.
मी तिला हाक मारली नाही. कशी मारणार?
तिनं उजवा पाय उचलला.
हवेत धरला, बराच वेळ.
मग खाली ठेवला आणि बसली.
ग्रेहाउंड सहसा बसत नाहीत, त्यांची ठेवणच तशी नसते.
ससा गेला, घाई न करता,
जणू त्याला कुणी रजा दिली होती.

एप्रिलच्या नऊ तारखेला टूही घरी आली.
कॉनलनं टोपी काढली. चर्चमध्ये त्याला आठवण करावी लागते.
तिचं डोकं त्याच्या चपलेवर होतं.
नंतर ती चपल त्यानं तिथेच सोडली
आणि एका पायानं अनवाणी फाटकापर्यंत तिला पोचवायला गेला.
टूहीला, म्हणजे.

पलंग अजून खालीच आहे.
परवा निवाऱ्याचं पत्र आलं. कॉनलनं उघडलं,
वाचलं, चष्म्याच्या डबीखाली सारलं.
तो गुरं बघायला गेल्यावर मीही वाचलं.
बारा वर्षांचा टेरिअर. मूत्रपिंडं गेलेली. चावतो.
संध्याकाळी आम्ही बटाटे सोलले, हवेबद्दल बोललो.
बघू,
तोंड आधी कोण उघडतं.